वडनेरचे रोडगे

"माय, यंदा वडनेरले येऊ नको. बाकी सर्व ठीक. पुष्पा."

शेषरावांनी पोस्टकार्ड दोनदा वाचलं, उलटून पत्त्याची बाजूही वाचली आणि चष्मा काढून ठेवला. मोताळ्याच्या नव्या पंचायत समितीत हा माणूस दर महिन्याला ढीगभर कागद वाचायचा, पण धाकट्या बहिणीच्या या एका ओळीनं त्यांची पार पंचाईत करून टाकली. कारण आई समोर बसली होती, बोचकं बांधून तयार.

"पुढचं वाच," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"एवढंच हाये."

"एवढं कसं राहीन? लेक मायले कार्ड धाडते अन् एका ओळीत आटपते?"

"आटपलं हाये खरं," शेषराव म्हणाले. "अन् बरंच झालं. तिथं तू जेवत नाई, पाणी पेत नाई. दिवसभर ओट्यावर बसते अन् परत येते. त्यापरीस सरळ पिंपळगावले जा, अन्नपूर्णाकडे."

हिवाळा लागला, कापसाची दुसरी वेचणी घरात आली की मनकर्णाबाईंना मोताळ्यात धरून ठेवणं कोणाच्या बापाला जमलं नव्हतं. सत्तरी उलटली तरी फेरी ठरलेली. आधी एक दिवस वडनेर भोलजीला धाकट्या पुष्पाकडे, मग पिंपळगाव राजाला थोरल्या अन्नपूर्णाकडे चांगले पंधरा दिवस. एस. टी. सुरू झाली होती, पण ती त्यांना कधी पटली नाही. तिच्यात आपल्या मनानं थांबता येत नाही, म्हणायच्या. दोन बैलांची हलकी दमणी जुंपायची, शिवेबाहेर पडलं की गड्याला मागं बसवायचं आणि कासरा स्वतःच्या हातात घ्यायचा, हा एक शौक. दुसरा शौक सारीपाट. कापडाचा पट, सात कवड्या आणि लाकडी सोंगट्या पिशवीत घेतल्याशिवाय बाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. जिथं जाईल तिथं कोणाला तरी धरून हरवायची, आणि हरवल्यावर त्या माणसाशी फार प्रेमानं वागायची.

वडनेरला मात्र एकच दिवस, आणि तोही कोरडा. लेकीला लेकरू झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत. अन्नपूर्णाच्या बाबतीत दीड वर्षात सुटका झाली. पुष्पाच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि बारा हिवाळे मनकर्णाबाईंनी तिच्या ओट्यावर आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी पिऊन आणि आपली भाकर खाऊन काढले होते.

"मी वडनेरले जाऊन राह्यली," त्या उठल्या. "लेक नको म्हणते तवाच जा लागते."

शेषरावांनी पोस्टकार्ड घडी घालून खिशात टाकलं. "मग मीही येतो."

"मीही येते," आतून शालूबाई म्हणाली.

नवरा आणि सासू दोघांनीही वळून पाहिलं. बावीस वर्षं या घरात सासूशी तिखट-मिठावरून भांडण्यात गेलेली सून तिच्यासोबत प्रवासाला निघते, हे दोघांनाही नवीन होतं.

शालूबाईनं शेषरावांचा चेहरा पाहिला होता, म्हणून ती निघाली. कार्ड वाचताना तो माणूस चकित झाला नव्हता, धास्तावला होता. दमणीत बसल्यावर, सासू पुढं बैलांशी बोलण्यात गुंतली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "तुम्हाले काहीतरी माहीत हाये."

"काही नाई."

"मागच्या गुरुवारी बाजारात आपले जावई निवृत्तीभाऊ, त्यायचे काका भेटले होते तुम्हाले. घरी आल्यावर तुम्ही जेवले नाई."

शेषराव रस्त्याकडेच्या तुरीकडे पाहत राहिले. तूर यंदा चांगली होती. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. शालूबाई मनात जे समजायचं ते समजली.

*

पुष्पानं दमणी लांबूनच ओळखली. अख्ख्या तालुक्यात धुरेवर बसून बैल हाकणारी म्हातारी एकच होती. हातातली परात तिनं खाली ठेवली आणि क्षणभर तिला आईचा रागच आला. एकदा, आयुष्यात एकदा काही मागितलं होतं.

"कार्ड नाई भेटलं?"

"भेटलं. म्हणूनच आली," मनकर्णाबाई खाली उतरल्या. "वाळली वं तू."

"नाई वाळली. आज मळ्यात रोडग्यांचं जेवण हाये, माय. विहिरीले पाणी लागलं, त्याचा मारुतीचा नवस. शंभर माणूस जेवाले येईन. तू दुपारच्या आत निघून जाजो."

लेक आईला दुपारच्या आत निघ म्हणते आणि डोळ्याला डोळा देत नाही. मनकर्णाबाईंनी दमणीतली पिशवी उचलली. ओट्यावर जाऊन बसल्या आणि पिशवीतून पट काढला. समोर विहीणबाई, पुष्पाच्या सासूबाई झुंबरबाई, येऊन बसल्याच होत्या. या दोघींचा हा बारा वर्षांचा नेम होता. झुंबरबाई वाईट खेळायच्या आणि हरल्या की कवड्यांना दोष द्यायच्या.

पहिली दोन-चार दानं पडली. मग झुंबरबाई कवड्या मुठीतच धरून बसल्या.

"इहीणबाई, एक बोलू? राग नका येऊ देऊ. बारा वर्षं झाली आपण खेळून राह्यलो. तुम्ही मले कितीकदा हरवलं त्याचा हिशोब नाई. पण माह्या माठातलं घोटभर पाणी तुम्ही घेतलं नाई."

"ते तुमच्यासाठी नाई जी. लेकीच्या भल्यासाठी हाये. तिची कूस उजवली की सगळ्यात आधी तुमच्याच माठावर येईन."

"मले समजते. माह्या मायनंही पाळलं होतं. पण गाव काय पाहते? गाव पाहते का पुष्पीची माय येते, बाहेरच्या बाहेर बसते अन् बाहेरच्या बाहेर जाते. अन् आमचे भगवानराव..." झुंबरबाईंनी दिराचं नाव घेताना आवाज उतरवला. "ते म्हणतात, जिच्या मायनंच हे घर लेकीचं मानलं नाई, ते घर तिचं कसं? आज पंगतीत चार लोकांसमोर हेच काढणार हायेत. तुम्ही शिदोरी सोडली की तेच दाखवून बोलणार. त्यायच्या सासुरवाडीची एक पोरगी पाहून ठेवली हाये निवृत्तीसाठी."

मनकर्णाबाईंनी सोंगटी उचलली होती, ती हातातच राहिली. खेळात त्यांचा हात असा कधी थांबत नसे.

"अन् तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मले नातू पायजे. खोटं काऊन बोलू? पण पुष्पीले बाजूले सारून नाई पायजे. मागच्या साली मी दोन महिने अंथरुणात होती, माह्यं सगळं तिनं केलं. सगळं म्हणजे सगळं. पण भगवानरावनं माह्या पोराले वाढवलं हाये, इहीणबाई. त्यायच्यासमोर माह्यं तोंड उघडत नाई."

"अन् निवृत्तीचं?"

"त्याचं तं लहानपणापासूनच उघडत नाई."

एरवी या बोलण्यावर दोघी हसल्या असत्या. मनकर्णाबाईंनी सोंगटी पटावर आडवी ठेवली आणि उठल्या. डाव अर्धा सोडून उठलेल्या त्यांना झुंबरबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

*

पुष्पा आत कणीक मळत होती. रोडग्याची कणीक घट्ट, तिला जोर लावावा लागतो. आई मागं येऊन उभी राहिली तरी तिनं हात थांबवला नाही.

"मले सांगतलं काऊन नाई?"

पुष्पाला कळलं की आईला कळलं. तिनं कणकेवर मूठ दाबली. "काय सांगू, माय? तू माह्यासाठी उपाशी राहते. तुले कसं म्हणू का तुह्या उपासानंच माह्यं घर जाऊन राह्यलं?"

मनकर्णाबाई पाटावर बसल्या. बारा वर्षं ज्या गोष्टीचं पुण्य लेकीच्या पदरात पडतंय असं त्या धरून चालल्या होत्या, ती ही अशी उलटून लेकीच्याच गळ्याशी आली होती. त्यांना रडू आलं नाही, स्वतःचा संताप आला. आणि त्या संतापाच्या खाली भीतीही होती, कारण रीत त्यांना खोटी वाटत नव्हती. ती त्यांनी आईकडून घेतली होती, आईनं तिच्या आईकडून.

"अन् म्या खाल्लं, अन् देवानं खरंच पाठ फिरवली तं?" त्या हळूच म्हणाल्या. "तो दोष कोण घेईन?"

"बारा वर्षं तू नाई खाल्लं. काय देल्लं त्यानं?"

दारात शेषराव उभे होते. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं आणि तडक आत आले. "माय, भलतं मनात आणू नको. बाबानं मरेपर्यंत पाळलं हे. आपल्या घराची रीत हाये. लोक काय म्हणतील? आपण आता निघू, भगवानरावांशी मी मागून बोलतो."

"मागून म्हणजे कधी?" हे शालूबाई बोलली. ती नवऱ्याच्या मागंच उभी होती. "बाजारात बोलले होते ते तुमच्याशी. तवा काय बोलले तुम्ही? तुरीचा भाव?"

शेषरावांनी मान वळवून परातीकडे पाहिलं.

"माह्यी माय सहा वर्षं तुमच्या घरी येत होती," शालूबाईचा आवाज फाटला. "मोठा पोरगा होईपर्यंत सहा वर्षं. आत्याबाई, तुमच्याच ओट्यावर बसून शेंगदाणे खायची ती आपल्या ओच्यातले. जाताना मले म्हणायची, पोट भरलं वं बाई. मी आत जाऊन रडायची अन् तुम्ही मले म्हणायच्या, भाकरी करपली. ते तिखट-मिठाचं भांडण नव्हतं जी. मले तुमचा त्याचा राग होता."

सासूनं सुनेकडे पाहिलं. बावीस वर्षांची सगळी भांडणं मनकर्णाबाईंच्या डोळ्यासमोरून गेली असावीत, कारण त्यांनी हात पुढं करून शालूबाईचं मनगट धरलं आणि तिच्याच आधारानं उठल्या.

"शेषू," त्या लेकाला म्हणाल्या, "तुहा बाबा या दारातून उपाशी गेला. मरताना मले म्हणला, पुष्पीच्या हातचं खायचं राहून गेलं. हे म्या तुले कधी सांगतलं नाई. मी उपाशी जाणार नाई."

"माय..."

"माह्यी शिदोरी बैलायले घाल. भाकर चांगली हाये, वाया नको जाऊ देऊ."

*

मळ्यात विहिरीजवळ गोवऱ्यांचा हारा विझत आला होता. निखाऱ्यातून काढलेले रोडगे पोत्यावर घोळून, राख झाडून टोपल्यात पडत होते. मोठ्या पातेल्यात पुष्पाच्या हातची वांग्याची भाजी, एका बाजूला वरण, एका बाजूला तुपाची चरवी. मारुतीला नैवेद्य दाखवून झाला आणि पुरुषांची पहिली पंगत बसली.

भगवानराव मधोमध बसले. माणूस दुष्ट नव्हता. भाऊ लवकर गेला तेव्हा चार वर्षांच्या निवृत्तीला खांद्यावर घेऊन त्यांनीच स्मशानातून घरी आणलं होतं, आणि त्या पोराचं घर निर्वंश राहू नये एवढीच त्यांची तळमळ होती. पण तळमळीच्या माणसाला दुसऱ्याचं दुखणं दिसत नाही. त्यांना शेजारच्या पत्रावळीवर कोणीतरी बसल्याचं जाणवलं आणि वळून पाहिलं तर तिथं विहीणबाई.

झुंबरबाईंनी पत्रावळ स्वतः मांडली होती. दिरासमोर त्यांचं तोंड उघडत नव्हतं, पण हात चालत होते.

"इहीणबाई, पुरुषांच्या पंगतीत?" भगवानराव म्हणाले. "बरं, बसा. तुम्ही मोठ्या हायेत. तुमची शिदोरी कुठं हाये? तुम्ही आमचं घेत नाई, हे सगळ्या गावाले माहीत हाये." त्यांनी पंगतीवर नजर फिरवली. बोलायची वेळ आली असं त्यांनी ठरवलं. "मंडळी, आज मारुतीसमोर एक गोष्ट काढायची हाये. बारा वर्षं झाली. लेकीच्या घरी मायनं पाणी घ्यावं असा दिवस या घरात आला नाई. इहीणबाई रीतीच्या पक्क्या, त्यायचा दोष नाई. पण जिथं मायच परक्यावानी बसते..."

"पुष्पे," मनकर्णाबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण बैल हाकणाऱ्या बाईचा आवाज तो, पंगतीच्या टोकापर्यंत गेला. "पाणी आण. या विहिरीचं."

पुष्पा जागची हलेना. शालूबाईनं कळशी तिच्या हातात दिली आणि पाठीवर हात ठेवून तिला पुढं ढकललं. पुष्पानं पेला भरला. तो पुढं करताना अर्धं पाणी पत्रावळीवर सांडलं. मनकर्णाबाईंनी उरलेलं अर्धं एका दमात प्यायलं आणि पेला पुढं केला.

"अजून दे. बारा वर्षांची तहान हाये."

मग त्यांनी रोडगा फोडला, चुरला, वर तूप ओतून घेतलं, वांग्याच्या रश्शात बोटं घातली आणि पहिला घास तोंडात टाकला. पंगतीत कोणी आपल्या पत्रावळीला हात लावला नव्हता. मनकर्णाबाई चावत राहिल्या. शेषराव पलीकडच्या रांगेतून आईचा जबडा हलताना पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"भगवानराव," घास गिळून मनकर्णाबाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता हे घर हिचं नाई. ही भाजी खाऊन पाहा."

"भाजीचं काय?"

"म्या पुष्पीले भाजी शिकवली तवा ती अकरा वर्षांची होती. आमच्या घरी वांग्यात दाण्याचा कूट पडते. यात जवस हाये, भाजलेला तीळ हाये, अन् मिरची ठेचून टाकली हाये, तिखट नाई टाकलं. ही मोताळ्याची भाजी नाई. माह्या हातचं या भाजीत काहीच राह्यलं नाई. ही कोणाची भाजी हाये, सांगा."

भगवानरावांनी नकळत पत्रावळीतला रस्सा बोटानं चाटला. वाढलेला माणूस होता तो याच भाजीवर.

"माह्या मायची," ते म्हणाले. "आमच्या मायची भाजी हाये ही."

"तुमच्या मायनं ती झुंबरबाईले देल्ली, झुंबरबाईनं पुष्पीले देल्ली. माह्या घरचं सगळं विसरून ही तुमच्या घरची झाली, अन् तुम्ही म्हणता हे घर हिचं नाई. मग कोणाचं हाये? चूक माह्यी हाये. बारा वर्षं मी बाहेर बसली, रीत पाळली असं समजली. आज चार लोकांसमोर सांगते, मी माह्या लेकीच्या घरी जेवून राह्यली. कोणाले काही बोलायचं असंन तं माह्यं जेवण झाल्यावर बोला."

शेषराव उठून उभे राहिले. "भगवानराव, कायद्यानं दुसरी बायको करता येत नाई. आठ वर्षं झाली कायदा होऊन. हे मी तुम्हाले मोताळ्याच्या बाजारातच सांगायले पायजे होतं. मी गप्प बसलो. पुष्पीचा भाऊ असून गप्प बसलो."

"कायदा राहू द्या, भाऊ," कोणीतरी मागून म्हणालं.

तो निवृत्ती होता. तुपाची चरवी त्याच्या हातात होती. तो काकांच्या समोरून चालत आला, सासूच्या पत्रावळीपाशी उकिडवा बसला आणि त्यानं दुसऱ्या रोडग्यावर तूप ओतलं, ते ओघळून मातीत गेलं तरी तो थांबेना.

"काका, तुम्ही मले वाढवलं," तो मान खाली घालूनच बोलला. "तुम्ही सांगाल ते करीन. विहीर तुमच्या म्हणण्यावरच खंदली. पण हे नाई करणार. मले दुसरी नाई पायजे. लेकरू झालं तं तिचं, नाई झालं तं आम्ही दोघं."

एवढं बोलून तो पुष्पाकडे न पाहता तसाच उठला आणि पुढच्या पत्रावळीवर तूप वाढायला लागला. पुष्पा कळशी घेऊन उभी होती. बारा वर्षांत नवऱ्यानं चार लोकांत तिच्याविषयी एक शब्द काढला नव्हता. तिनं पदर तोंडाला लावला आणि तशीच उभी राहिली.

भगवानरावांनी रश्शाचं बोट पत्रावळीवर पुसलं. तीस वर्षं त्यांचा शब्द या घरात शेवटचा होता. तो आज कोणी मोडला, निवृत्तीनं की त्या भाजीनं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी आपला रोडगा फोडला.

"जेवा मंडळी," ते म्हणाले. "अन्न थंडं होऊन राह्यलं. पुष्पाबाई, तुह्या मायले वाढ. पोट भरून वाढ."

त्यांनी सुनेला 'बाई' लावून हाक मारली, हे सगळ्या पंगतीनं ऐकलं.

मनकर्णाबाईंनी दुसरा रोडगा संपवला, तिसरा घेतला. तिसऱ्याला भल्याभल्या गड्याचा हात आखडतो. त्यांनी चौथा मागितला तेव्हा पंगतीत हसू फुटलं, झुंबरबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "इहीणबाई, पोटाचा तरी इचार करा."

"बारा हिवाळे हायेत जी. चारात कुठं भागते?"

"माह्यापेक्षा एक जास्त झाला," भगवानराव आपल्या पत्रावळीकडे पाहून म्हणाले, आणि त्यांनाही हसू आवरलं नाही.

*

उन्हं कलली तशी शेषरावांनी दमणी जुंपली. शालूबाई चढून बसली. मनकर्णाबाई ओट्यावर भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या, कंबरेचा पदर सैल सोडून.

"चल माय. अंधार पडाच्या आत मोताळा गाठू."

"तुम्ही जा. मी पंधरा दिवस इथं हाये. पिंपळगावले निरोप धाडजो, अन्नपूर्णाचं यंदा नंतर."

शेषरावांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि कासरा ओढला. शालूबाई मागं वळून हात हलवत राहिली, दमणी वळणाआड जाईपर्यंत.

पुष्पा ओट्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. काहीतरी विचारायचं होतं आणि तिला शब्द सापडत नव्हते, कारण ती गोष्ट तिनं आईला आजवर कधी विचारलीच नव्हती. रोज सासूला विचारायची, नवऱ्याला विचारायची, पाहुण्यांना विचारायची.

"माय," ती म्हणाली, "संध्याकाळी काय करू तुह्यासाठी?"

मनकर्णाबाईंनी आधी कंबरेचा पदर नीट खोचला.

"खिचडी कर," त्या म्हणाल्या. "मऊ कर. अन् सकाळचं काय ते आत्ताच इचारून घे."